एका कार्बनपासून पुढे

नगर जिल्ह्यात राहाता, कोपरगाव, राहुरी या पट्ट्यातल्या कित्येक शेतकरी घरांत एकाच ओट्यावर दोन शेगड्या असतात. एक गोबरगॅसची, दुसरी सिलिंडरची. दोन्हींची ज्योत निळी आणि दोन्हींवर भाकरी सारखीच फुगते. त्यामुळे घरातल्या एखाद्या हौशी माणसाला वाटते, शेगडी एकच ठेवावी आणि नळी अदलाबदल करावी. तसे जमत नाही. सिलिंडरची शेगडी गोबरगॅसला जोडली तर ज्योत मिणमिणते. उलट केले तर ती हातभर उंच पिवळी होते आणि भांड्याचे बूड काजळीने काळे पडते. हे उलटे करून पाहणे धोक्याचेही आहे.

फरक जेटच्या भोकात आहे. सिलिंडरच्या शेगडीचे जेट सुईच्या अग्राएवढे बारीक असते, गोबरगॅसचे त्याहून बरेच मोठे. एक लिटर गोबरगॅस पूर्ण जळायला साधारण ६ लिटर हवा पुरते. सिलिंडरमधल्या गॅसच्या एका लिटरला २४ ते ३१ लिटर हवा लागते, आणि त्यातून उष्णताही चौपटीहून जास्त मिळते. दोन्ही गॅस हायड्रोकार्बन या एकाच घराण्यातले असताना एकाची भूक एवढी मोठी कशी? उत्तर त्यांच्या रेणूत मोजून सापडते, आणि त्याला दोन अंकांपलीकडचे गणित लागत नाही.

कार्बनच्या अणूला चार बंध जोडता येतात, हायड्रोजनला एकच. एका कार्बनला चार हायड्रोजन चिकटले की मिथेन होतो. त्याचे सूत्र सीएच४, आणि गोबरगॅसमधला जळणारा भाग हाच. कार्बनचे खरे वैशिष्ट्य असे की तो दुसऱ्या कार्बनशीही तितक्याच घट्टपणे जोडला जातो. दोन कार्बन जोडले तर इथेन (सी२एच६), तीन जोडले तर प्रोपेन (सी३एच८), चार जोडले तर ब्युटेन (सी४एच१०). नियम सरळ आहे. कार्बन जितके असतील त्यांच्या दुप्पट अधिक दोन इतके हायड्रोजन. घरगुती सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन असतात. जळताना प्रत्येक कार्बनचा कार्बन डायऑक्साइड आणि प्रत्येक दोन हायड्रोजनांमागे पाण्याचा एक रेणू व्हायला हवा. म्हणून मिथेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे २ रेणू पुरतात, प्रोपेनला ५ लागतात आणि ब्युटेनला साडेसहा. गोबरगॅसमध्ये तर मिथेन शंभरात ५५ ते ६५ भागच असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो आधीच जळून मोकळा झालेला, ओट्यावर त्याचा काही उपयोग नाही. जेटचे भोक मोठे ठेवावे लागते ते यामुळे.

गोबरगॅस असलेल्या घरात कधी ना कधी आणखी एक प्रश्न निघतोच. एवढा गॅस रोज तयार होतो, तर तो टाकीत भरून शेजाऱ्याला का देता येत नाही? प्रश्न भाबडा वाटेल, पण १९व्या शतकातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांना त्याने छळले आहे. मायकेल फॅरडे यांनी दाब आणि थंडी यांच्या जोरावर बरेच वायू द्रवरूप करून दाखवले. ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन आणि मिथेन मात्र त्यांना बधले नाहीत. कारण पुढे १८६९मध्ये बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी कार्बन डायऑक्साइडवर प्रयोग करून उलगडले. प्रत्येक वायूचे एक ठराविक तापमान असते. त्याच्या वर कितीही दाब दिला तरी वायू द्रव होत नाही, नुसता दाट होत जातो. मिथेनचे हे तापमान शून्याखाली ८२ अंश सेल्सिअसच्या पुढे आहे. प्रोपेनचे शून्याच्या वर ९६ अंशांच्या पुढे, ब्युटेनचे १५२.

आता नगरचा मे महिना डोळ्यांसमोर आणावा. चाळीस अंशांतही प्रोपेन आणि ब्युटेन सात-आठ बारच्या आसपासच्या दाबाने द्रव राहतात. म्हणून पातळ पत्र्याच्या, ३३ लिटरांच्या टाकीत १४.२ किलो गॅस मावतो आणि ती टाकी माणूस खांद्यावर घेऊन जिना चढतो. त्याच टाकीत, तेवढ्याच दाबाने मिथेन भरला तर पाव किलोसुद्धा मावणार नाही. मिथेन गाडीवर न्यायचा तर २०० बारच्या घरात दाब द्यावा लागतो आणि टाकी जाड पोलादाची करावी लागते. हे काम परसातल्या डोममध्ये होत नाही. गावातला गॅस गावात राहिला आणि समुद्रातला गॅस गावात आला, त्यात सरकारी धोरणाचा वाटा असेलच. पण निम्मे काम रेणूतल्या कार्बनच्या संख्येने केले होते.

गोबरगॅसचा देशातला इतिहास मुंबईत सुरू होतो. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७मध्ये मैल्यापासून गॅस करून वापरल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर खादी ग्रामोद्योगाने तरंगत्या लोखंडी टाकीचा नमुना गावोगाव नेला, आणि १९८४मध्ये विटांच्या घुमटाचा, गंजणारा भाग नसलेला ‘दीनबंधू’ नमुना आला. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण लागते, म्हणजे चार-पाच जनावरे दावणीला हवीत. एक घनमीटर गोबरगॅस साधारण ४३० ग्रॅम सिलिंडरच्या गॅसची बरोबरी करतो. त्या हिशेबाने एवढे संयंत्र नीट चालले तर सोळा-सतरा दिवसांत एका सिलिंडरचे काम करते. ‘नीट चालले तर’ हे शब्द महत्त्वाचे. आत काम करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते, आणि डिसेंबर-जानेवारीत नगरकडची रात्र दहा अंशांखाली उतरते. थंडीत गॅस कमी पडतो ही तक्रार त्यामुळे जुनी आहे.

हे सूक्ष्मजीव पाळीपाळीने काम करतात. पहिली टोळी शेणातले मोठे रेणू फोडते. दुसरी त्यांची आंबट आम्ले करते, त्यात मुख्य ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले तेच. शेवटची टोळी ऑक्सिजनचा लवलेशही सहन करत नाही. ती त्या आम्लाचे दोन तुकडे करते, एक मिथेनचा आणि एक कार्बन डायऑक्साइडचा. पहिल्या दोन टोळ्या फार जोरात सुटल्या आणि तिसरी मागे पडली तर संयंत्रात आम्ल साचते, स्लरीला आंबूस वास येतो आणि गॅस बंद होतो. सुग्रास, सरकी किंवा शिळे अन्न एकदम ओतल्यावर संयंत्र ‘बसते’ ते यामुळे.

नगर जिल्ह्यात मात्र शेणाहून कितीतरी मोठा साठा दुसरीकडे आहे. तो साखर कारखान्यांच्या मागच्या अंगाला. ऊस गाळला, साखर काढली की मळी उरते. मळी आंबवून मद्यार्क काढला की स्पेंटवॉश उरतो, गडद तपकिरी, उग्र वासाचा. जुन्या पद्धतीच्या आसवनीत एक लिटर मद्यार्कामागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश निघे. कारखानदारीच्या पट्ट्यात एखाद्या विहिरीचे पाणी चहासारखे लाल झाल्याच्या कहाण्या गावोगाव ऐकू येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच पाणी असते. उघड्या तलावात ते साचवले की तळाला तीच तिसरी टोळी कामाला लागते आणि मिथेन थेट आभाळात जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या २५पटींहून जास्त उष्णता तो धरून ठेवतो. म्हणजे जळण वाया जाते आणि वर तापमानातही भर पडते.

५ ऑक्टोबर २०२५ रोजी कोपरगावच्या सहकारमहर्षी शंकरराव कोल्हे सहकारी साखर कारखान्यात दाबलेल्या बायोगॅसच्या प्रकल्पाचे उद्घाटन केंद्रीय सहकारमंत्री अमित शहा यांच्या हस्ते झाले. सहकारी क्षेत्रातला हा अशा प्रकारचा देशातला पहिला प्रकल्प म्हणून सांगितला गेला. त्याची क्षमता दिवसाला १२ टन गॅस आणि ७५ टन पोटॅश. नुसत्या वजनाने मोजले तर १२ टन म्हणजे साडेआठशेच्या आसपास घरगुती सिलिंडर, रोज. पोटॅशची गोष्टही दुर्लक्ष करण्यासारखी नाही. ऊस जमिनीतून पोटॅश ओढतो, ते साखरेत जात नाही, मळीतून उतरत उतरत स्पेंटवॉशमध्ये येते. देश पोटॅश जवळजवळ सगळे बाहेरून विकत घेतो आणि इथे ते गटाराच्या वाटेला लागत होते.

अशा प्रकल्पात मुख्य खटाटोप सफाईचा असतो. कच्च्या गॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. तो पितळ, लोखंड, इंजिन, काहीही खातो, म्हणून आधी तो काढतात. मग कार्बन डायऑक्साइड वेगळा करतात आणि पाणी सुकवतात. उरलेल्या वायूत मिथेन शंभरात ९०च्या वर असावा लागतो. तेव्हा कुठे तो दाबून भरता येतो आणि सीएनजीच्या पंपावर विकता येतो. परसातल्या डोमला जे परवडत नव्हते ते १२ टनांच्या कारखान्याला परवडते. मूळ रेणू तोच आहे, फक्त आकारमान बदलले.

एका कार्बनपुरते एवढे पुरे. पुढची पायरी चढायची तर नगर-मनमाड रस्त्याने उत्तरेला जावे, खड्डे चुकवत.

नगर जिल्ह्यात तेलविहीर नाही आणि शुद्धीकरण कारखानाही नाही. पण अकोळनेरला तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि जिल्ह्याच्या उत्तरेला, मनमाडजवळच्या पानेवाडीला, त्याहून मोठा पसारा आहे. मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यातून निघालेले इंधन जमिनीखालच्या वाहिनीतून घाट चढून मनमाडला पोचते. २०२४च्या जानेवारीच्या पहिल्या दोन दिवसांत टँकरचालकांनी संप केला तेव्हा राज्यभर पंपांवर जी झुंबड उडाली, तिने या डेपोंचे महत्त्व एका दिवसात समजावून सांगितले.

मुंबईजवळच्या समुद्रात ‘सागर सम्राट’ या समुद्री रिगने १९७४मध्ये तेल शोधले आणि १९७६मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरू झाले. वर येणारे कच्चे तेल म्हणजे शेकडो हायड्रोकार्बनांची खिचडी. ती निवडायची रीत उकळण्याच्या तापमानावर चालते. साखळी जितकी लांब तितके रेणू एकमेकांना जास्त धरून ठेवतात आणि उकळायला जास्त उष्णता मागतात. मिथेन शून्याखाली १६१ अंशांनाच उकळतो, प्रोपेन शून्याखाली ४२ला, ब्युटेन जेमतेम शून्याला. पाच कार्बनांचा पेंटेन ३६ अंशांना, म्हणजे नगरच्या एप्रिलातल्या दुपारी बाटलीचे झाकण उघडे राहिले तर उडूनच जाईल. आठ कार्बनांचा ऑक्टेन १२६ अंशांना, सोळा कार्बनांचा सेटेन २८७ला. उंच मनोऱ्यात तापवलेले तेल सोडले की हलके रेणू वर जातात आणि जड खाली राहतात. वरून सिलिंडरचा गॅस, मग चार ते बारा कार्बनांच्या आसपासचे पेट्रोल, त्याखाली रॉकेल, मग डिझेल, मग मेण आणि तळाला डांबर. सेटेनचा द्रवणांक १८ अंश आहे. शुद्ध सेटेनची बाटली जानेवारीत नगरच्या गच्चीवर ठेवली तर सकाळी ती मेणासारखी थिजलेली मिळेल. डिझेलमध्ये अनेक रेणूंची सरमिसळ असते म्हणून आपल्याकडे ते थिजत नाही. लडाखला पाठवायचे डिझेल मात्र वेगळे करावे लागते.

पेट्रोल आणि डिझेल यांच्यातला फरक पाहायचा तर नगर शहरात एक अनपेक्षित जागा आहे, रणगाड्यांचे संग्रहालय. भारतीय लष्कराच्या चिलखती दलाने ते १९९४मध्ये उभारले. लोक तिथे तोफेच्या नळीशेजारी फोटो काढतात आणि पुढे जातात, मागच्या बाजूचे इंजिन कुणी पाहत नाही. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियनचे इंजिन पेट्रोलचे होते. दुसऱ्या महायुद्धात स्पिटफायर विमानात बसणाऱ्या मर्लिन इंजिनाचेच ते रणगाड्यासाठी केलेले रूप. अमेरिकी पॅटनच्या सुरुवातीच्या आवृत्त्याही पेट्रोलवरच चालत. तमिळनाडूत आवडीला बनलेल्या विजयंतला मात्र लेलँडचे असे इंजिन होते की ज्याला डिझेल मुख्य असले तरी दुसरी इंधनेही चालत. पुढे जगभरच्या सैन्यांनी पेट्रोल सोडले. एक कारण खप, दुसरे जास्त निकडीचे. पेट्रोलची वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगीने पेटू शकते, तर आपल्याकडच्या नियमांनुसार डिझेलची वाफ ३५ अंशांखाली पेटता कामा नये. टाकी फुटली तर आतल्या चार माणसांसाठी हा फरक फार मोठा असतो.

आता एक गंमत. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात फवारलेले इंधन आपोआप पेटते. त्यासाठी लांब, सरळ साखळीचे रेणू उत्तम. सेटेनला म्हणूनच १०० गुण दिले आणि त्याच्याशी तुलना करून डिझेलचा सेटेन क्रमांक ठरतो. आपल्याकडे तो किमान ५१ लागतो. पेट्रोल इंजिनात मात्र हाच गुण दोष ठरतो. ठिणगी पडण्याआधी किंवा ज्योत पोचण्याआधीच इंधन पेटले तर इंजिन ठकठकते, पिस्टनवर हातोडा बसल्यासारखे. तिथे सरळ साखळी नको, फांद्या फुटलेली हवी.

हायड्रोकार्बनांचे जग आकड्यांपेक्षा गुंतागुंतीचे होते ते या फांद्यांमुळे. चार कार्बन सरळ ओळीतही जोडता येतात किंवा तीन ओळीत ठेवून चौथा मधल्याला लावता येतो. सूत्र दोन्हींचे सी४एच१०, पदार्थ दोन वेगळे. पाच कार्बनांना तीन रचना शक्य, आठांना १८, दहांना ७५ आणि वीस कार्बनांना ३,६६,३१९. यातल्या बहुतेक रचना कुणी कधी बाटलीत पाहिलेल्या नाहीत, फक्त कागदावर मोजल्या आहेत. आठ कार्बनांच्या १८ भावंडांपैकी चांगला फांद्या फुटलेला आयसोऑक्टेन इंजिनात शांत जळतो, त्याला १०० गुण. सात कार्बनांच्या सरळ हेप्टेनला शून्य. १९२०च्या दशकात ग्रॅहम एडगर यांनी ही मोजपट्टी सुचवली. त्यांना लागणारा शुद्ध हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातल्या एका पाइन वृक्षाच्या चिकातून मिळत असे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांचा धंदा जोरात होता त्या काळात मेकॅनिक गाडीचा आवाज ऐकूनच भेसळ ओळखत. रॉकेलमधल्या लांब साखळ्यांनी ऑक्टेन क्रमांक घसरायचा, तेच कानाला कळायचे.

आणि इथे ऊस पुन्हा येतो. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने, शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभारला. १९५०च्या अखेरीस त्याचा पहिला गळीत हंगाम सुरू झाला. मळीपासून मद्यार्क करायला कारखान्यांना नंतर वेळ लागला नाही. तो औषधांत, रंगांत आणि अर्थातच दारूत गेला. २००१मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे देशातले पहिले प्रायोगिक प्रकल्प तीन ठिकाणी झाले. त्यातली दोन ठिकाणे महाराष्ट्रातली, मिरज आणि मनमाड. २००३पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले, २०२२च्या मध्याला देश १० टक्क्यांवर पोचला आणि २०२५मध्ये २० टक्क्यांवर.

काटेकोर बोलायचे तर इथेनॉल हायड्रोकार्बन नाही. इथेनच्या एका हायड्रोजनच्या जागी ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी बसवली की इथेनॉल होते. एवढ्या एका ऑक्सिजनने बरेच काही बदलते. पहिले म्हणजे हा रेणू थोडा आधीच जळलेला आहे, त्यामुळे त्यातून उष्णता कमी निघते. लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश. मिश्रणात २० टक्के इथेनॉल असेल तर लिटरमागे ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते, हे गणित कुणाच्या इच्छेवर अवलंबून नाही. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही जुन्या, शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकींची कार्यक्षमता ६ ते ७ टक्के आणि दुचाकींची ३ ते ४ टक्के घटेल असे लिहिले होते. ‘गाडी ॲव्हरेज देत नाही’ ही पंपावरची तक्रार रसायनाच्या बाजूने खरी आहे. वाद असलाच तर ती किती टक्के खरी, एवढाच.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक १०८च्या आसपास आहे, म्हणजे ठकठक कमी. या जोरावर मिश्रणाचा क्रमांक ९५वर नेता आला. पण त्याचा फायदा घ्यायला इंजिनातला दाब वाढवावा लागतो, आणि तो कारखान्यातच वाढवता येतो. दहा वर्षांपूर्वीच्या मोटरसायकलला हा फायदा मिळत नाही, तोटा मात्र मिळतो. धोरण आखताना हे दोन्ही एकाच वाक्यात सांगितले असते तर निम्मी चिडचिड टळली असती.

तिसरा बदल पाण्याचा. पेट्रोल पाण्याला जवळ करत नाही, इथेनॉल करते. ऊर्ध्वपातनाने कितीही काढले तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे इथेनॉल शुद्ध होत नाही. त्या प्रमाणाला पाणी आणि मद्यार्क एकत्रच उकळतात. पेट्रोलमध्ये एवढे पाणी चालत नाही, म्हणून आसवनीत एक शेवटची पायरी जोडली गेली. वाफ एका खास खनिजाच्या बारीक गोळ्यांवरून नेतात. त्या गोळ्यांतल्या छिद्रांची रुंदी ३ अँगस्ट्रॉम, म्हणजे एका मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाच्या तिप्पट. पाण्याचा रेणू त्यात शिरतो आणि अडकतो, इथेनॉलचा त्याहून थोडा जाड असल्याने बाहेर राहतो. प्रवरा आणि गोदावरीकाठच्या आसवन्यांत हे काम हंगामभर चालू असते. शेजारी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि फार थोड्यांना ठाऊक असते की आत रेणूंची जाडी पाहून निवड चालली आहे.

या साऱ्यात एक जुनी गोष्ट मागे पडली. कोपरगाव तालुक्यात साकरवाडीला सोमय्या समूहाच्या कारखान्यात उसाच्या मद्यार्कापासून रसायने बनतात. इथेनॉलमधले दोन हायड्रोजन काढले की ॲसिटाल्डिहाइड. त्याला ऑक्सिजन दिला की ॲसिटिक आम्ल. ते आम्ल आणि इथेनॉल एकत्र आणले की इथाइल ॲसिटेट, रंग आणि छपाईच्या शाईत लागणारे, गोडसर वासाचे द्रावक. ॲसिटाल्डिहाइडचे दोन रेणू एकमेकांना जोडून पाण्याचा एक रेणू बाहेर काढला की क्रोटोनाल्डिहाइड. इथे दोन कार्बनांचे चार झाले. पेट्रोरसायनवाले लांब साखळी तोडत खाली येतात, साकरवाडी आखूड साखळी जोडत वर जाते. इथेनॉलमधून नुसते पाणी काढले तर इथिलीन मिळते, दोन कार्बनांमध्ये दुहेरी बंध असलेला हायड्रोकार्बन. पिकवणीच्या खोल्यांत केळी आणि आंबे पिकवायला तोच सोडतात. कार्बाइडची पुडी ठेवून पिकवणे कायद्याने बंद आहे. कार्बाइडमधून निघणारा ॲसिटिलीन हा इथिलीनचा तिहेरी बंधाचा नातलग. गॅस वेल्डिंगच्या दुकानात तो ३,००० अंशांच्या वरची ज्योत देतो. फळाला तो इथिलीनसारखाच भासतो, पण त्या पुडीत आर्सेनिक आणि फॉस्फरसची अशुद्धी असू शकते.

इथिलीनचे रेणू एकमेकांना जोडत गेले आणि शेवटी दुहेरी बंधांवर हायड्रोजन चढवला की पुन्हा सरळ आणि फांद्या फुटलेले हायड्रोकार्बन मिळतात, दहा-बारा-चौदा कार्बनांचे. त्यात ऑक्सिजन उरलेला नसतो. विमानाला नेमके हेच लागते. कारला इथेनॉल चालते, कारण वाटेत पंप असतो. विमानाला सगळे जळण पाठीवर घेऊन उडावे लागते, आणि किलोमागे इथेनॉल विमानाच्या इंधनाच्या दोन तृतीयांशाहूनही कमी ऊर्जा देते. म्हणून मद्यार्काला पाणी काढून, जोडून, हायड्रोजन चढवून परत रॉकेलच्या जातीत आणले जाते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून बनवलेले असे इंधन १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअरएशियाच्या प्रवासी विमानात एक टक्क्यापर्यंत मिसळले गेले. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी सरकारने ठरवलेले लक्ष्य २०२७पासून १ टक्का, २०२८पासून २ टक्के आणि २०३०पर्यंत ५ टक्के असे आहे. त्या इंधनासाठी लागणारे इथेनॉल, पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल आणि खाण्याची साखर या तिघांचा ऊस एकच आहे, आणि २०२३च्या डिसेंबरात पाऊस कमी पडल्यावर उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने बंधने आणली होती, हे कारखान्यांच्या संचालकांना अजून चांगले आठवते.